विभागप्रमुखांचा हात

मनोरुग्णालयातले संमोहनाचे डॉक्टर त्या दिवशी सकाळपासून घशाला गरम पाण्याचा शेक देत होते. सगळं रुग्णालय त्यांना लाडाने 'गुंगीवाले' म्हणायचं आणि त्यांची एवढीशी संमोहनाची खोली आज हातची जायची वेळ आली होती. औषधांच्या खोक्यांना जागा पुरेना, म्हणून विभागप्रमुखांचा त्या खोलीवर डोळा होता. निर्णय बैठकीत हात वर करून व्हायचा होता. त्याआधी गुंगीवाल्यांना थोडा वेळ बोलायला दिलं होतं.

"संमोहन म्हणजे निव्वळ नाटक," विभागप्रमुख पहिल्या रांगेतूनच गरजले. "पेशंट बिचारे डॉक्टरचं मन राखतात. माझ्यावर काडीचाही परिणाम व्हायचा नाही!"

गुंगीवाल्यांनी थेट इतिहासच बाहेर काढला. पूर्वी रोग्याच्या अंगावरून लोहचुंबक फिरवायचे. राजाने नेमलेल्या विद्वानांनी हे सगळे कल्पनेचे खेळ ठरवले. मग कुणी चकचकीत वस्तूकडे टक लावायला सांगू लागलं. भूल द्यायची औषधं यायच्या आधी नुसतं गुंगवून शस्त्रक्रियासुद्धा झाल्या. "आता करूनच दाखवतो," असं म्हणून त्यांनी एका सिस्टरांना खुर्चीत बसवलं, चमचा डोळ्यांसमोर धरला आणि आवाज लोण्यासारखा मऊ केला.

"पापण्या जड होतायत... उजवा हात हलका होतोय... आपोआप वर चाललाय..."

सिस्टर फिस्सकन हसल्या. "सॉरी डॉक्टर, मला नुसत्या गुदगुल्या होतायत!"

सभागृह खो खो हसत सुटलं. गुंगीवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. चमचा खिशात कोंबून ते मुकाट्याने जाऊन बसले. गेली खोली, असं त्यांना वाटलं आणि खरोखर रडू यायला लागलं.

अधीक्षकांना नेहमीप्रमाणे घाई होती. "संमोहनाची खोली राहावी असं कुणाला वाटतं? हात वर करा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि थक्क झाले. "अरे वा! खुद्द विभागप्रमुख!"

पहिल्या रांगेत विभागप्रमुखांचा उजवा हात सरळ छताकडे गेला होता. साहेबांचाच हात वर म्हटल्यावर हाताखालच्या डॉक्टरांचेही भराभर वर गेले. खोली वाचली! गुंगीवाले आनंदाने उठले, तेव्हा त्यांना साहेबांचे मिटलेले डोळे दिसले. हात वर न्यायला सांगितलं होतं, पण खाली आणायचं सांगणं हशात राहूनच गेलं होतं.

"सर, एक मिनिट..."

"तुमचं भाषण झालं, बसा!" अधीक्षक खेकसले. "मग खोकी कुठे ठेवायची? आपली केबिन कोण देतंय?"

एकच हात वर होता.

"केवढं मोठं मन!" टाळ्या कडाडल्या. "आणि रविवारच्या ड्यूट्या?"

पुन्हा तोच हात. "सगळ्या? एकटेच?" अधीक्षकांना गहिवरून आलं.

आता गुंगीवाल्यांना राहवेना. "हात खाली! तीन, दोन, एक, जागे व्हा!" ते ओरडले. विभागप्रमुख दचकून जागे झाले, तर आजूबाजूला अभिनंदनाची झुंबड. गुंगीवाल्यांनी त्यांच्या कानात झाला प्रकार सांगितला. "सर, गुंगीत होतो म्हणून सांगून टाका ना. सगळं रद्द होईल."

विभागप्रमुखांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. सांगितलं तर केबिन परत मिळणार होती, पण संमोहन खरं ठरणार होतं.

"मी पूर्ण शुद्धीत होतो," ते म्हणाले. "नीट विचार करून हात वर केला."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये खोकी गेली. साहेबांचं टेबल ठेवायला अख्ख्या रुग्णालयात एकच जागा निघाली: संमोहनाची खोली. जिवाच्या आकांताने वाचवलेल्या खोलीत साहेबांना बसलेलं पाहून गुंगीवाल्यांचा पार हिरमोड झाला. पण पेशंट आला होता. त्याला खुर्चीत बसवून त्यांनी आवाज मऊ केला. "पापण्या जड होतायत..."

कोपऱ्यात पेन खाली पडलं आणि घोरणं सुरू झालं.

पेशंटने वळून पाहिलं आणि समजूतदारपणे पाय पोटाशी घेतले.

"होऊ द्या डॉक्टर," तो कुजबुजला, "त्यांचं जास्त सीरियस दिसतंय. मी थांबतो."