डब्याशी बोलणारे परबमामा

आमच्या परळच्या हॉस्पिटलात परबमामा कापलेल्या जठराशी बोलतात. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव डब्यातून पॅथॉलॉजीत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. पण डबा हातात आला की मामा त्याला रुग्णाच्या नावाने हाक मारतात. "येवा तावडेनू, लिफ्ट इली. जपान हां!" प्रत्यारोपणात बदललेलं जुनं यकृत असलं तर विशेष मान. "खूप राबलात. आता आराम करा."

हाक मारायला नाव ठाऊक हवं, म्हणून आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन रुग्णाला भेटून येतात. कोणतं गाव, घरी कोण कोण, कुठला भाग काढणार, सगळी चौकशी करतात.

मी तिथे पोटाच्या कर्करोगावर संशोधन करणारा सर्जन. संशोधनात माणसाला नाव नसतं, क्रमांक असतो. मामांची नक्कल करून मी कँटीनमध्ये टाळ्या मिळवायचो. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून विभागप्रमुख सरांकडे लेखी तक्रार केली. लिफ्टमध्ये रुग्णांची नावं जाहीर होतात, सबब या इसमास स्टोअरमध्ये हलवावे. 'इसमास' हा शब्द आठवला की आजही कान तापतात.

त्याच आठवड्यात एका सकाळी दोन जठरांची ऑपरेशनं होती. वेळ वाचवायला मी रिकाम्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवून ठेवल्या. असं कधी करायचं नसतं, हे मीच इतरांना शिकवतो. मामांनी एक भरलेला डबा उचलला, हातावर तोलून पाहिला आणि ते थबकले.

"सायबानू, चिठ्ठी म्हात्रेबाईंची हा. आत तावडे आसत."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो.

"बाईंचां अर्धांच काढूचां होता ना? ह्यां तर आख्खां आसा."

झाकण उघडून पाहिलं. आख्खंच होतं. तावड्यांचा अहवाल म्हात्रेबाईंना गेला असता आणि पुढची औषधंही त्यावरूनच ठरली असती. सिस्टरना बोलावून दोन्ही डबे पुन्हा तपासले, चिठ्ठ्या बदलल्या. मामा डबे घेऊन निघाले.

लिफ्टपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सायबानू, कोणीतरी माझी तक्रार केल्यानी हा. माका स्टोरात घालतत. तुम्ही सरांकडे एक शब्द टाकशात?"

"पण मामा, डब्याशी बोलायचं तरी कशाला?"

"माणसाबरोबर घरची असतत. ह्येच्याबरोबर कोण नसता." ते डब्याकडे बघत म्हणाले. "बायकोचां ऑपरेशन झाला तेव्हा मी गावाक होतंय. ती घरी इलीच नाय."

तक्रार माझीच, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बघतो."

दुपारी सरांना चिठ्ठ्यांचा घोळ सांगितला, यथेच्छ बोलणी खाल्ली, तक्रार मागे घेतली. ते सगळं सोपं गेलं. मामांना खरं सांगायचं तेवढं राहिलं.

रविवारी मामा कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आमच्या लालबागच्या घरी हजर. आईला म्हणाले, "तुमच्या झिलान माझां काम वाचवल्यान. असो झील मिळाक नशीब लागता." आईने त्यांना आग्रहाने बसवलं, चहा ठेवला आणि माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं, की मला तिथे उभं राहवेना. कपबश्या आणायच्या निमित्ताने मी आत गेलो आणि मामा जाईपर्यंत बाहेर आलो नाही.