शोकसभेची रंगीत तालीम

हिंगणघाटकडच्या त्या गावात माणूस गेला की आधी लाकडं सांगतात, मग लक्ष्मणरावांना. चितेनं पेट घेतला की वेणा नदीच्या घाटावर शोकसभा भरते आणि तीत बोलण्याचा कार्यभार निवृत्त ग्रामसेवक लक्ष्मणरावांकडे असतो. भाषण मंजूर नमुन्यातलं. मयत मनमिळाऊ, मितभाषी, परोपकारी, आणि शेवटी, "मरण कोणालाच चुकलं नाही. आज हे, उद्या आपण!" या 'आपण'मध्ये वक्ता समाविष्ट नाही, ही तांत्रिक बाब त्यांनी कधी जाहीर केली नव्हती.

मग छातीत कळ आली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि एवढंच विचारलं, "सोबत कोण आहे?" मरणावर आयुष्यभर बोललेल्या माणसाला परतीच्या एसटीत मरणाबद्दल काहीएक सुचलं नाही. सुचलं ते भलतंच : आपल्या वेळी घाटावर बोलणार कोण?

"ऑपरेशन सांगतलं डॉक्टरनं," त्यांची बायको देवकाबाई कडाडल्या, "आन् तुमाले भाषणाची पडली?"

"ऑपरेशन डॉक्टर करन. भाषण कोण करन?"

उपाय प्रशासकीय निघाला. मतदानाच्या आधी तालीम होते, तर याची का नको? ऑपरेशनच्या आदल्या रविवारी घाटावर सभा भरली. खुर्चीवर फोटो, फोटोला हार, बाजूला पर्यवेक्षक म्हणून खुद्द मयत. चहा जाहीर केला होता, त्यामुळे उपस्थिती समाधानकारक होती.

ग्रामपंचायत सदस्य निकेशनं घसा खाकरला. "लक्ष्मणराव मनमिळाऊ होते, मितभाषी होते..."

"मी? मितभाषी?"

"काका, तुमीच तं सगळ्यायले म्हणता! त्या भांडखोर तानबालेबी म्हटलं. त्याची बायको इकडंतिकडं पाहे, का आपण दुसऱ्याच्याच मयतीले आलो काय!"

"अरे, माह्याबद्दल काई खरं बोल ना!"

निकेशनं विचार केला. गर्दीनंही केला. शेवटी मागून त्यांचा जुना मित्र चिंधू म्हणाला, "खरं म्हणसान तं भाऊ, तुमी लय लांबण लावता. मेलेला सुटते, आमी उन्हात उभे राह्यतो."

टाळ्या पडल्या. त्या घाटावरच्या पहिल्याच.

मग दोन मिनिटं मौन. लक्ष्मणरावांनी डोळे मिटले, आणि इतकी वर्षं गर्दीत वाटून टाकलेलं ते 'उद्या आपण' आज एकटंच त्यांच्यापुढं येऊन उभं राहिलं. त्यांनी डोळे उघडले. कोणी मोबाइलमध्ये, कोणी चहाच्या थर्मासकडे.

"झाले दोन मिनिटं," निकेश म्हणाला.

"कुठं झाले रे? आत्ता तं सुरू झाले!"

"मयत बोलत नसते, काका."

एकट्या देवकाबाई अजून जागच्या हलल्या नव्हत्या. फोटोकडे पाठ करून त्या नवऱ्याकडे पाहत होत्या, डोळ्यांना पदर लावून.

"काऊन रडून राह्यली?"

"भेव वाटते मले."

"मलेबी," लक्ष्मणराव म्हणाले.

हे त्यांचं आयुष्यातलं सर्वांत लहान आणि एकमेव खरं भाषण. ते देवकाबाईंशिवाय कोणी ऐकलं नाही. चहा सुरू झाला होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. लक्ष्मणराव पुन्हा घाटावर बोलतात. भाषण तेच, फक्त 'उद्या आपण' म्हणताना आता ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात. ते पाहून गर्दीला हायसं वाटतं : चला, उद्याचं नाव ठरलं.

तुम्हालाही हायसं वाटलं ना?