भार्गवची परतीची गाडी

आमच्या वाचनालयात एक थरारक कादंबरी आहे. तिच्या त्र्याण्णवाव्या पानावर नायक भार्गव लातूरच्या एका गोदामात सहा गुंडांना लोळवतो, ओठावरचं रक्त मनगटानं पुसतो आणि एकटाच धुळीच्या रस्त्यानं चालू लागतो. नेमकं तिथंच समासात टोकदार पेन्सिलीनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे : ‘लातूर ते सोलापूर दुपारी ४.२०, तुळजापूरमार्गे. खिडकी मिळते.’

हे अक्षर नागनाथअण्णांचं.

अण्णा मूळचे वैरागचे. सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते कर्ण्यावरून पुकारायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी आवाज अजून कर्ण्याच्याच पट्टीत. जुळे सोलापुरातून रिक्षानं रोज चारच्या ठोक्याला नवी पेठेत वाचनालयात येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि मला म्हणतात, “वेळ ती वेळ, बाई.” पाच मिनिटं उशीर झाला तर उशिराचं कारणही सांगतात, आणि मी ते कुठंतरी लिहून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा सुरतेकडे असतो, एवढंच आम्हांला माहीत. त्याच्याविषयी कुणी विचारलं की अण्णा घड्याळ बघतात.

मी इथं ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा ही भार्गवची कादंबरी नुसती मागून मिळत नसे, नंबर लावावा लागे. पेठेतले कापडवाले, यंत्रमागावरचे कामगार, बँकेतले कारकून, सगळे जिन्यात उभे राहून विचारायचे, “भार्गव आला का?” जणू तो माझा भाऊच होता. आता जिन्यात चपलांचे चार जोड दिसले तरी मला बरं वाटतं. त्या गर्दीची फार आठवण येते.

आमच्याकडे तेव्हापासूनची एक पद्धत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आखीव कागद चिकटवलेला असतो, वाचून झालं की त्यावर अभिप्राय लिहायचा. भार्गवच्या पुस्तकाला असे पाच कागद लागले. एकानं लिहिलंय, ‘मारामारी एक नंबर. पान साठ ते पंच्याहत्तर उभं राहून वाचलं.’ त्याखाली एका बँकवाल्याचं, ‘सर्व तर्काला सोडून.’ त्याखाली तिसऱ्याचं, ‘तर्क पाहिजे त्यांनी आयकराचं पुस्तक न्यावं.’ एका बाईंनी विचारलंय की हा माणूस अंगावरच्या एका शर्टावर पाच जिल्हे फिरतो, तर धुणं कधी करतो. कुणाला तो वाघ वाटला, कुणाला रिकामटेकडा. कुणी लिहिलं, ‘असं सगळं सोडून जाता आलं पाहिजे.’ त्याखाली त्याच्याच बायकोनं सही करून लिहिलं, ‘जा.’

अण्णांनी मात्र त्या कागदावर कधी अक्षर लिहिलं नाही. मी एकदा विचारलंच. बराच विचार करून म्हणाले, “माणूस चांगला हाय की. पण नियोजन न्हाय.”

त्यांचा अभिप्राय सगळा समासात. भार्गवला घर नाही, सामान नाही, मागं-पुढं कुणी नाही. येईल त्या वाहनानं तो येईल त्या गावात उतरतो, गुंडांना बदडतो आणि निघतो. वाचणाऱ्यांना याचीच भूल पडायची. अण्णांना ते सोसायचं नाही. भार्गव विजापुरात गेला की समासात विजापूर-सोलापूर गाड्यांच्या वेळा. मिरजेत गेला की मिरजेच्या. जखमी झाला तर ‘पुढची सीट मागून घ्यावी, मागं हादरे बसतात.’ लेखकानं एके ठिकाणी काळगाव नावाचं गाव मनानंच घातलंय. तिथं अण्णांनी लिहिलं, ‘असा थांबा नाही. कंडक्टरला विचारावे.’ वेळापत्रक बदललं की अण्णा पुस्तक परत मागून घेत, जुनी वेळ खोडून नवी घालत. मी बघून न बघितल्यासारखं करायची. खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटायची.

कुलकर्णी मॅडमना वाटली नाही. त्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि मग त्यांना मारामारीच्या कादंबऱ्यांची गोडी लागली. दोनशे बाराव्या पानावर खलनायकानं भार्गवच्या कानशिलाला पिस्तूल लावलेलं. मॅडम श्वास रोखून वाचतायत आणि समासात येतं, ‘शेवटची गाडी चुकली. आता सकाळी ५.४०.’ म्हणजे हा सकाळपर्यंत जगणार, हे मॅडमना तिथंच कळलं. त्यांनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि रीतसर लेखी तक्रार दिली.

समितीची बैठक झाली. पुस्तक विद्रूप करणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा आमचा नियमच आहे. मी बरीच रदबदली केली तेव्हा एवढं ठरलं की अण्णांनी आठवड्यात सगळं खोडून द्यावं, नाहीतर वाचनालयात पाऊल टाकू नये. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “खोडतो की. हितं न्हाय आलो तर चार वाजता जाऊ कुटं मी?”

दुसऱ्या दिवशी चारला ते खोडरबर घेऊन हजर. पान उघडायचं, चष्मा वर करायचा, वेळ मोठ्यानं वाचायची आणि पुसायची. लातूर गेली, विजापूर गेली, मिरज गेली. त्यांचा आवाज कर्ण्याचाच, त्यामुळे सगळं वाचनालय ऐकायचं. मला वाईट वाटत होतं, पण नियमापुढं माझं काही चालत नव्हतं.

चौथ्या दिवशी एकच पान पुसायचं उरलं आणि आवाज थांबला. मी जवळ गेले. एकशे एक्केचाळिसावं पान उघडं होतं. त्या पानापुरता भार्गव सोलापुरात येतो. स्टँडवर गाडीत चढतो, खिडकीशी बसतो, गाडी सुटते, संपलं. हे पान मी आजवर कितीदा चाळलं असेल, पण समास कधी वाचला नव्हता. तिथं वेळ लिहिलेली नव्हती. तिथं फक्त एवढंच होतं : ‘खाली उतर. जेवून जा.’

अण्णा त्या पानावर हात ठेवून बसले होते.

“आमचा महेश माज्याच फलाटावरनं गेला, बाई,” ते म्हणाले. “सकाळी घरात बोलाबोली झाली. कॉलेज सोडतो म्हनला. मी म्हनलो, सोड, घर बी सोड. जेवला बी न्हाय. दुपारी बघतो तर सुरतेच्या गाडीत खिडकीला बसलाय. माज्याकडंच बघत हुता. दोन मिनटं गाडी थांबवली असती तर कोन काय म्हननार हुतं मला? पर वेळ झालेली. मी पुकारली. मीच पुकारली आन् गेली गाडी.”

मग त्यांनी सांगितलं की आई होती तोवर महेशचा तिला फोन यायचा. ती गेली तेव्हा तो आला, तेरावं उरकून गेला, बापाशी एक शब्द बोलला नाही. आईचा फोन मात्र अण्णा अजून रोज चार्ज करतात. नंबर चालू ठेवलाय. त्याला दुसरा नंबर पाठ नाही, असं ते म्हणाले.

“एवढं एक ऱ्हाऊ द्या की, बाई.”

मी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सगळं खोडून झालं म्हणून वहीत सही केली. नोकरीत मी फारसं खोटं लिहिलेलं नाही, पण हे लिहिलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग बाहेरून दोन चहा मागवले. अण्णांनी खिशातून बायकोचा बटणांचा फोन काढला, आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि टेबलावर कपाशेजारी उताणा ठेवला.