सदूनानांच्या गुरुवारच्या कांड्या

आमच्या शेजारच्या सदूनानांकडे काचेची मोठी टाकी आहे, आणि तिच्यात मासा नाही. "मासा ताटात असतो, वैनी. टाकीत कशाला?" चौलच्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. टाकीत फक्त एक लांब दांड्याची पाणवनस्पती, तीही मागच्या काचेला ओळीने लावलेली. "उंच पोरं मागच्या बाकावर!" पुढे नुसती वाळू.

टाकी दिली अलिबागच्या लेकीने, विरंगुळा म्हणून. ही वनस्पती मारूनही मरत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. नानांनी ती तीन दिवसांत मारून दाखवली. जन्मभर भात लावलेला माणूस. त्यांनी टाकीत चिखल भरला आणि भातासारखे चार-चार कांड्यांचे चूड खोचले. पाण्याचा चहा झाला, कांड्या कुजल्या. मग शहाणे होऊन त्यांनी धुतलेल्या वाळूत एकेक कांडी दोन-दोन बोटांच्या अंतरावर लावली. ती तरारली, तेव्हा नानांनी निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आयला, हे तं आपल्या बांधावरचं तण! उपटून उपटून कंबर मोडली, न आता हिची खातिरदारी!"

तण ते तणच. आठ दिवसांत पाण्याच्या वर डोकं काढतं. शेंडा छाटून वाळूत खोचला की त्यालाही मुळं. आणि नाना तर रोप टाकून देणारे नव्हेत. त्यामुळे आळीतल्या प्रत्येक घरात एकेक बरणी आणि तिच्यात नानांची कांडी आली. प्रत्येक घराचा वार ठरला. आमचा गुरुवार.

चार वाजता नाना दार न वाजवता आत येत, खिशात कात्री. माझ्याकडे न बघता थेट खिडकीतल्या बरणीशी. शेंडा छाटायचा, खालची पानं खुडायची, कांडी लावायची, आणि मग मीच आत्ता आल्यासारखं, "अरे वैनी! चाय व्हईल काय?" मी कधीकधी वैतागायचे. पण त्यांचंही खरं होतं. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या, अशा लावणीला कोणी कोणाला बोलावत नसे, माणसं आपणहून जात. आता भावांनी जमीन बंगलेवाल्यांना विकली होती. नानी गेल्याला तीन वर्षं झाली होती. नानांना कुठे जायचं तर काम हवं होतं.

यंदा मोतीबिंदूसाठी नाना पंधरा दिवस लेकीकडे गेले. इकडे मी गणपतीच्या साफसफाईत बरणी ओट्याखाली सरकवली आणि साफ विसरले. काढली तेव्हा आत काळा चोथा आणि वास. आता नानांना काय सांगायचं? आमच्या ह्यांनी उपाय काढला आणि बाजारातून प्लॅस्टिकची कांडी आणली. "नानांना कुठे एवढं दिसतंय?"

ह्यांच्या लक्षातच नव्हतं, की नाना डोळ्यांचंच ऑपरेशन करून आले होते.

गुरुवारी चारला नाना आले. बरणीशी उभे राहिले. दोन बोटं पाण्यात घालून त्यांनी एक पान चिमटीत धरलं. मी ओट्याला धरून उभी. मग नानांनी बोटं शर्टाला पुसली आणि कात्री खिशात ठेवली.

"झ्याक हाय. आज कापाय नको."

चहा त्यांनी प्यायला. निघताना उंबऱ्यावर थांबले. "वैनी, पुढच्या गुरवारी येऊ ना?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला हे कधी विचारलं नव्हतं. मला माझीच फार लाज वाटली.

"नाना, खोटं बोलले मी. तुमची कांडी मेली."

"ठावं हाय," नाना खाली बघत म्हणाले. "म्हणून तं इचारलं."