याकोबमामांची निरवानिरव

याकोबमामांच्या मरणाला मी एकूण चार वेळा हजर राहिले. चारही वेळा वार गुरुवार होता आणि वेळ दुपारी दोनची. गुरुवारी आमचा कारखाना अर्धा दिवस चालायचा आणि शुक्रवारी सुट्टी, म्हणजे कुणाच्या कामाचा खोळंबा नको, असा मामांचा विचार. "मरणसुद्धा मापात असावं, ताई," असं ते म्हणायचे.

याकोब साळवे म्हणजे बहारिनमधल्या सलमाबादच्या आमच्या कारखान्यातले सुतारांचे फोरमन. मूळचे श्रीरामपूरकडचे, ख्रिस्ती. जनाबियातल्या बंगल्यांची दारं, खिडक्या, कपाटं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. मी त्याच कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसात होते आणि व्हिसाच्या फायली माझ्याकडे असायच्या. मी नगरची, त्यातून मिशनच्या शाळेत शिकलेली, हे कळल्यावर मामांनी मला माहेरचं माणूस मानलं. म्हणजे त्या दिवसापासून ते माझ्या चुका तोंडावर सांगायला लागले.

मामांच्या मरणाची वर्दी आणायचे दाऊदभाई. हे आमचे स्टोअरकीपर, खेडचे.

"ताई, उठा. मामा निघाले."

"परत?"

"परत. आज म्हणतात नक्की."

मग आम्ही कारखान्यामागच्या त्यांच्या खोलीत जायचो. मामा स्वतः बनवलेल्या पलंगावर उताणे पडलेले असायचे. दाढी घोटलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा आणि कानावर पेन्सिल. एसी इतका जोरात लावलेला असायचा की मरणाऱ्यापेक्षा भेटायला येणारेच जास्त कुडकुडायचे. एकदा मी तो कमी करायला गेले तर म्हणाले, "राहू द्या ताई. पुढं कुठं जायचंय ते नक्की नाही. आताच गारवा घेऊन ठेवतो."

मामांच्या हाताखाली बरोबर बारा सुतार होते आणि या आकड्याचा त्यांना फार अभिमान. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, म्हाताऱ्या याकोबानं मरताना बारा मुलांना जवळ बोलावलं आणि एकेकाला त्याच्या-त्याच्या गुणाप्रमाणे आशीर्वाद दिला. ही गोष्ट मामांनी इतक्या वेळा सांगितली होती की आमच्या पंजाबी पॉलिशवाल्यालाही ती पाठ होती. कंपनीनं एकदा तेरावा सुतार घेतला तेव्हा मामा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्याला पेंटिंगमध्ये पाठवलं.

तर हे बाराजण भिंतीला लागून ओळीनं उभे राहायचे आणि आशीर्वाद सुरू व्हायचे.

"बाळू, पुढं ये. तुझ्या हातात रंधा चांगला बसलाय, पर डोक्यात भुसा हाये. परमेश्वर तुला शहाणी बायको देवो. तुला शहाणं करायची वेळ गेली."

"कुट्टी, तेरा नाप हमेशा सही. लेकिन जबान एक इंच लंबी. भगवान उसको काटे, तेरेको नहीं."

"दाऊद, तुझं स्टोअर सदा भरलेलं राहो. मागितलेला स्क्रू तुला कधीतरी सापडो."

दाऊदभाई गंभीरपणे "आमीन" म्हणायचे. आम्हाला हसू आवरता आवरत नसे, पण मरणाऱ्या माणसासमोर हसायचं कसं? मला मिळालेला आशीर्वाद असा होता: "ताई, तुमच्या फायलींना वाळवी न लागो आणि तुमच्या रागाला लागो." मी घरी येऊन नवऱ्याला हा आशीर्वाद सांगितला. त्यानंही मोठ्यानं आमीन म्हटलं.

आमचे बहारिनी मॅनेजर अबू खालिद यांनासुद्धा मामांनी वगळलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ते शुद्ध मराठीत पाच मिनिटं काहीतरी मागायचे. अबू खालिदना एक अक्षर कळत नसे, तरी ते मान खाली घालून शांत उभे राहत. संपलं की विचारत, "खलास? तो अब चाय पियो, याकूब."

पण चहाच्या आधी शेवटची इच्छा असायची, आणि तिथं सगळ्यांचे चेहरे बदलायचे.

"मला घरी पाठवू नका," मामा म्हणायचे. "इथंच पुरा. मनामाच्या ख्रिस्ती कबरस्तानात, मागच्या भिंतीपाशी. सहा फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. डाव्या बाजूला सरकवा, उजवीकडं नको."

शनिवारी सकाळी हाच माणूस करवतीपाशी उभा राहून बाळूवर ओरडत असायचा.

आम्हा परदेशात राहिलेल्या माणसांच्या मनात एक भीती कायम असते, आपण इथंच तर जाणार नाही ना? कुणी गेलं तर सगळा कँप धावपळ करून त्याला विमानानं घरी पोचवतो. आणि मामांचं म्हणणं याच्या बरोबर उलटं. बाळू तर म्हणायचा, "मामांचं गावाकडं काहीतरी लफडं असणार." पोरीच्या लग्नाला मामा गेले ते आठव्या दिवशी परत. ती पोर दर महिन्याला पत्र लिहायची, बाबा आता या, तुमच्यासाठी खोली बांधलीय. मामा ते पत्र मला वाचून दाखवायचे आणि नीट घडी घालून ठेवून द्यायचे. मला, खरं सांगते, त्यांचा राग यायचा. मी एकदा बोललेसुद्धा, "मामा, तुमच्या त्या याकोबानं मुलाला शपथ घातली होती, मला परक्या मुलखात ठेवू नकोस, माझ्या बापजाद्यांपाशी ने. तेवढी गोष्ट बरी विसरता तुम्ही?"

"त्याचं येगळं होतं," मामा म्हणाले आणि फुटपट्टी उचलून चालायला लागले.

चौथं मरण आलं तेव्हा मामांना साठ पूर्ण झाली होती. आमच्या कंपनीत साठीनंतर व्हिसा वाढवत नसत. पत्र मीच टाइप केलं, मंगळवारी मीच त्यांच्या हातात दिलं: महिनाअखेर काम संपेल, मुंबईचं तिकीट कंपनी देईल. मामांनी पत्र दोनदा वाचलं, म्हणाले, "टायपिंग चांगलंय." गुरुवारी ते पलंगावर.

या खेपेला अबू खालिद डॉक्टरांना घेऊनच आले. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, अजून वीस वर्षं काही होत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्यांनी त्या दिवशी आशीर्वादही दिले नाहीत. भिंतीकडे वळून पडून राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. फायली माझ्याच कपाटात होत्या. मामा दर दोन वर्षांनी मरत होते, आणि दर वेळी व्हिसा संपायला महिना राहिलेला असायचा.

मंडळी चहाला गेली. मी खुर्ची ओढून बसले.

"मामा, खरं सांगा. इथं काय आहे तुमचं?"

भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "शांता हाये."

शांताबाई म्हणजे त्यांची बायको. ती वारली आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गावाकडे वारली असणार असं आम्ही धरून चाललो होतो, मामांनी ते कधी खोडलं नव्हतं.

"मी इथंच सित्र्याला दुसऱ्या कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट," मामा सांगायला लागले. "लग्न झाल्यापासनं मी भाईरच. सुट्टीला जायचो तर घरात ही पावण्यांची दाटी. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर चुलीपाशी, ते बी कुणी आलं की गप. मग एकदा तिला व्हिजिट व्हिसावर आणली. एक खोली, ती आणि मी. ती भाकरी करायची, मी समोर बसून नुसता बघायचो. समुद्र बघितला तिनं. म्हणाली, एवढं पाणी आणि प्यायला थेंब न्हाई, असला कसला तुमचा देश? एकवीस दिवस, ताई. बाविसाव्या दिवशी तिला ताप चढला आणि चौथ्या दिवशी गेली."

मी उठून एसी कमी केला.

"पोरं म्हणाली घरी आणा. मी न्हाई आणली. गावाला ती सगळ्यांची होती. इथं माझी होती." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "शुक्रवारी प्रार्थना झाली की जातो. वाळू उडून येती, ती सारखी करतो. मी गेलो तर कोण करणार? म्हणून वेळेवर मरायचं बघतोय, ताई. चार डाव बघितलं. जमतच न्हाई."

मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच आलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. लाकडासारखा खरबरीत हात होता. ज्या माणसाला घरची ओढ नाही म्हणून मी मनातल्या मनात इतकी नावं ठेवली, त्याचं घर मनामाच्या कबरस्तानात मागच्या भिंतीपाशी होतं. माझी मलाच लाज वाटली.

शनिवारी मी ऑफिसात गेले आणि मुदतवाढीच्या शिफारशीचा फॉर्म काढला. साठीच्या पुढच्या माणसासाठी तो कुणी भरत नसे. नाव, हुद्दा, वय टाइप केलं. खाली एक रकाना होता, "फॅमिली इन बहारिन". मामांच्या सगळ्या जुन्या फॉर्मवर तिथं "नो" होतं, आणि त्यातले तीन मीच भरलेले. मी टाइप केलं, "येस. वाइफ."

फॉर्म घेऊन अबू खालिदांच्या केबिनमध्ये गेले. ते वाचता वाचता थांबले.

"वाइफ? याकूब की वाइफ? किधर?"

मी सांगितलं, किधर.

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत लावला. मग सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले, "फॅमिलीवाला आदमी है. अकेला कैसे भेजेगा?"