दोन आळ्यांचे सर्वो

जी वस्तू एकाच माणसाला कळते, तिची निवड किमान अकरा माणसांनी करावी, हे सार्वजनिक जीवनाचे पहिले तत्त्व आहे. एकट्याची निवड चुकली तर चूक त्याची ठरते. अकरा जणांची चुकली तर ती कोणाची हे सापडत नाही, आणि गावात शांतता नांदते.

रामदास मिस्त्रीला हे तत्त्व ठाऊक नव्हते. ओतूरच्या एसटी स्टँडमागे त्याचे मोटार रिवायंडिंगचे दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने भरायची आणि मालकाला "मोटारीचा दोष नाय, व्होल्टेजचा हाय" असे सांगून घरी पाठवायचे, यात वीस वर्षे गेलेली. २००५ साली पुण्याचा एक फार्महाउसवाला विहिरीवरची मोटार न्यायला आला आणि जाताना एक खोके तिथेच टाकून गेला. खोक्यात हातभर लांबीची शर्यतीची गाडी होती. रेडिओ रिमोटवर चालणारी, पोटात नायट्रो नावाच्या इंधनावरचे इंजिन (तेही जाम). सोबत एक सीडी. सीडीत तसल्याच गाड्या मातीच्या रिंगणात सुसाट येत, आणि वळणावर मागची चाके घसरवत, धुळीचा पंखा उडवत, ऐटीत वळत.

रामदासने ते वळण किती वेळा पाहिले याची नोंद नाही. बायको इंद्रायणीचा अंदाज, एवढ्या वेळा त्याने लग्नाची सीडी पाहिली असती तर तिला बरे वाटले असते. सात महिने खपून त्याने इंजिन सोडवले. आता जगाकडून त्याला एकच हवे होते: आपल्या हातातल्या रिमोटवर ती गाडी एकदा वळताना बघायची.

अडचण सर्वोची होती. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत बारकी मोटर, चार दातेरी चक्रे, वर एक चिमुकला हात. रिमोटवरून हुकूम सुटला की हात सांगितला तेवढाच फिरतो आणि तिथेच घट्ट धरून राहतो. (असा कर्मचारी तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात उपलब्ध नाही.) गाडीत असे दोन लागतात. एक पुढची चाके वळवतो, दुसरा वेग वाढवतो आणि ब्रेकही मारतो. रामदासच्या गाडीतला वळणाचा जळाला होता. त्याने एका बिलाच्या पाठीवर लिहिले: "वळणाला एक सर्वो. ओढ बारा किलो. चक्रे धातूची. वेगाचा जुना चालेल." निवड झाली. तिला साडेचार मिनिटे लागली, आणि हीच तिच्यातली गंभीर त्रुटी होती.

कारण त्या चैत्रात यात्रेत पळणाऱ्या गावच्या बैलगाड्यांना परवानगीचा कागद वेळेत आला नाही. घाट तयार होता, म्हणजे गावाबाहेरचा तो चढाचा सरळ पट्टा. भंडारा आला होता, लाउडस्पीकर ठरला होता, फक्त पळायला काही नव्हते. यात्रा कमिटीला रामदासची गाडी आठवली. अध्यक्ष सावळेराम सोसायटीचे तीन वेळचे चेअरमन. त्यांनी रामदासला बोलावून सांगितले की सर्वोचा खर्च कमिटी करील, आणि यात्रा झाल्यावर शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रिंगणही आखून देईल. रामदास तिथल्या तिथे हो म्हणाला. वीस वर्षे मोटारी खोलूनही माणूस इतका भोळा राहू शकतो.

सर्वो निवड उपसमिती अकरा जणांची झाली. वरच्या आळीचे पाच, प्रमुख चांगदेव, कांद्याचे व्यापारी. खालच्या आळीचे पाच, प्रमुख भागू, ज्याची घोडी पिढ्यान्‌पिढ्या घाटात गाड्यापुढे पळत आली. अकराव्या ठकूबाई, महिला प्रतिनिधी, नात्याने रामदासची मावशी. सर्वो माहीत असलेला सदस्य एकही नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्नच उद्भवला नाही. रामदासला निमंत्रित म्हणून दाराजवळ बसवले.

पहिल्या बैठकीत ठरले की पुढचा सर्वो मानाचा. मागचा, वेगाचा, कोणालाच नको होता. आमच्या आळीने मागे का बसायचे, असे दोन्ही आळ्यांनी एकाच वेळी विचारले. (ठरावांच्या वहीत दोन्ही आळ्यांचे एकमत झाल्याची एवढी एकच नोंद आहे.) मग वरच्या आळीने पुण्याहून नऊ किलोचा सर्वो आणला. खालच्या आळीने बाराचा. वरच्या आळीने पंधराचा आणला आणि खात्री करायला चांगदेवांनी त्याच्या चिमुकल्या हाताला पंधरा किलो कांद्याची पिशवी टांगली. हात मोडला. सर्वो लबाड निघाला असा शेरा मारून दुसरा आणला, खालच्या आळीनेही तसाच आणला, आणि अध्यक्षांनी पंधरावर हद्द घातली. निवडीत एकूण पाच सर्वो, चार बैठका आणि सत्तावीस डझन केळी लागली.

आता पुढचा मान कोणाचा? अध्यक्षांनी मार्ग काढला. दोघांचाही. चाके वळवणाऱ्या एकाच दांड्याला दोन्ही सर्वो जोडावेत, आणि कोणी उजवा-डावा, पुढे-मागे वाटू नये म्हणून ते समोरासमोर तोंड करून बसवावेत.

रामदास दारातून उठला.

"अध्यक्ष, दोन सर्वो समोरासमोर नाय चालत. हुकूम एकच जातोय. वळ म्हणलं की हा दांडा हिकडं वढनार अन्‌ तो तिकडं. चाक जाग्यावरच ऱ्हानार."

"म्हंजी दोघं सारख्याच ताकदीनं वढनार ना?"

"सारख्याच."

"मग कुनावर अन्याव झाला का?"

अन्याय कोणावरच झाला नव्हता. रामदास बसला. जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या अँटेना आकाशात लाखो वर्षांपूर्वी सुटलेला बारीकसा आवाज टिपतात म्हणे. तीन हातांवरून बोलणाऱ्या माणसासाठी तसे यंत्र अजून निघायचे आहे.

घरी इंद्रायणीने साधा उपाय सुचवला. "एकाची वायर काढून ठिवा की. कुनाला कळतंय?" पण कमिटीला ते आधीच कळले होते. दोन्ही सर्वोंवर सुतळी बांधून लाखेचे सील मारले होते आणि सीलवर दोन्ही आळ्यांचे अंगठे होते.

यात्रेच्या दिवशी रामदासने बटण दाबले तेव्हा दोन्ही सर्वो घूं घूं करू लागले. एकमेकांना ओढत ते गरम झाले आणि चाके शिसवी लाकडासारखी सरळ उभी राहिली. भागूची घोडी परंपरेप्रमाणे गाडीपुढे आणली होती; इंजिन ओरडताच ती परंपरा सोडून खाली ओढ्याकडे गेली. निवेदकाने दोन्ही आळ्यांच्या मानकऱ्यांची नावे घ्यायला सुरुवात केली. नावे चाळीस मिनिटे चालली. बारी, म्हणजे प्रत्यक्ष धाव, सात सेकंदांची झाली. गाडी सरळ रेषेतून केसभर ढळली नाही. गुलालात टोप्या उडाल्या. एकच गाडी असल्याने तिला पहिला क्रमांक मिळाला आणि दुसरा रिक्त ठेवण्यात आला.

हे सगळे ठीक झाले असते, पण शेवटच्या निशाणापुढे पन्नास फुटांवर मान्यवरांचे व्यासपीठ होते. रामदासने रिमोटचे चाक डावीकडे पुरते फिरवले. आत दोन्ही आळ्यांनी जिवाच्या आकांताने ओढ घेतली. बॅटरी त्यांनीच पिऊन टाकली होती, त्यामुळे ब्रेकच्या जुन्या सर्वोपर्यंत काही पोचलेच नाही. गाडी सरळ आली. व्यासपीठावरचे नऊ जण तिला येताना व्यवस्थित बघत होते, परंतु आधी कोणी उठायचे याचा क्रम ठरलेला नसल्याने कोणीही उठले नाही. टेबल पडले, नारळ घरंगळले, एका मान्यवरांच्या पायाला खरचटले, आणि गाडीचा पुढचा डावा पाय मोडला.

चौकशीसाठी गाव देवळापुढे जमले. अहवाल तयारच होता. गाडी निर्दोष, कारण ती सरळ गेली. दोन्ही सर्वो निर्दोष, कारण दोघांनीही पूर्ण ओढ दिली. व्यासपीठ चुकीच्या जागी होते. पुढल्या वर्षी ते हलवावे. सर्वो मात्र गावच्या ऐक्याचे प्रतीक असल्याने ते कायम, सीलसह, आहेत तसेच ठेवावेत.

रामदास उभा राहिला. मोडलेली गाडी त्याने टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"माजं एकच मागनं हाय. गाडी मी नीट करीन. रिंगनबी नगं, मीच आखतो. फक्त ह्यातला एक काढा. कोन्चाबी काढा, आळी तुमी ठरवा. मला ती एकदा वळताना बघायचीय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "ह्याला कुनाचं अनुमोदन हाय का?"

सभेला एकशे त्र्याऐंशी माणसे होती. त्यातल्या एकशे सत्तरांना तरी रामदासचे बरोबर आहे हे कळत होते (उरलेल्यांचा डोळा लागला होता). चांगदेव भागूकडे बघत होते. भागू जमिनीकडे बघत होता. ठकूबाईंनी तोंड उघडले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोंड मिटले. कोणीतरी बोलावे असे प्रत्येकाला मनापासून वाटत होते.

अध्यक्षांनी तीन मिनिटे वाट पाहिली. मग इतिवृत्तात लिहिले: "मागणीस कोणाचेही अनुमोदन नाही. सबब एकमताने नामंजूर. उपस्थिती एकशे चौऱ्याऐंशी."

रामदास टॉवेल काखेत मारून निघून गेला. एक माणूस जास्त कसा भरला, अशी पुढे तोंडी विचारणा झाली, तेव्हा कमिटीने खुलासा दिला. जास्तीचे गृहस्थ गावचे नाहीत, पण या हकिकतीच्या पहिल्या ओळीपासून हजर होते. दोन सर्वो समोरासमोर चालत नाहीत हे त्यांना तेव्हाच पटले होते. अध्यक्षांनी अनुमोदन विचारले तेव्हा तेही खाली मान घालून पुढचे वाचत राहिले. त्यांच्या सहीची जागा मोकळी सोडली आहे.