बसप्पाकाकांची तपासणी

बसप्पाकाका घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात, चार पावलं चालतात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून जन्म काढला, आता रिटायर होऊन माकणी गावात एकटेच राहतात. दूधवाला, भाजीवाली, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, सगळे त्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी! "तपासल्याबिगर म्या न्हाय मानत," हे दिवसातून वीसदा.

असा माणूस आपणहून आमच्या शाळेत दुसरीच्या पोरांचं वाचन घ्यायला आला, तेव्हा संशय मला आला. मी वर्गाची बाई. पहिले दोन दिवस दाराआडून पाळत ठेवली.

मुक्ता माझी लाडकी विद्यार्थिनी. धडा घडाघडा वाचायची. तिसऱ्या दिवशी मी वर्गात असतानाच काकांनी ऐकून घेतलं, पंजानं चित्र झाकलं. "आता खालच्या ओळीपास्नं वर वाच."

मुक्ताचं बोट खालच्या ओळीवर अडलं. डोळे भरून आले.

"बाई, पोरगी वाचत न्हाय. समदं पाठ हाय तिला."

सगळ्या वर्गासमोर! माझं डोकंच फिरलं. "उद्यापासून येऊ नका," म्हणून मोकळी झाले. मग मधल्या सुट्टीत हळूच तिच्यापुढं नवं पुस्तक धरलं. तिला एक शब्द लागेना.

संध्याकाळी तोंड पाडून काकांकडे गेले. "तुम्हाला कळलं कसं?"

"बोट मागं ऱ्हातं, तोंड पुढं पळतं." मग बराच वेळ कुलपाशी चाळा करत बसले. "आमची ही रोज पोथी वाचायची. चाळीस वर्षं म्या समोर बसून ऐकली. शेवटी उमरग्याच्या दवाखान्यात होती, मला आत सोडंनात. चिठ्ठी धाडली. नर्सबाई चिठ्ठी घेऊन बाहेर आल्या, म्हणल्या, आजींना वाचता येत न्हाय, काय लिहिलंय ते सांगा. म्या सांगितलं. पण त्या परत आत जाईस्तोवर ती गेली व्हती." नजर खालीच. "लई गाड्या तपासल्या, बाई. घरात कधी संशयच आला न्हाय."

मी उठले. "उद्या या," एवढंच म्हटलं.

काका रोज आले. मुक्ताला अक्षर-अक्षर शिकवलं. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी खिशातून घडी पडून विरलेला कागद काढला.

"हे कुणाला पाठ न्हाय. वाच."

मुक्तानं बोट ठेवलं. "भि...ऊ न...को. मी दा...रा...तच ब...स...लोय."

मी वाट बघत होते, आता खालून वर वाचायला लावणार. काकांनी डोळे मिटले होते.

"आनखी एकदा," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं वाच, बाळ."